रेल्वेचे दर कोणीं ठरवावे ?



मालाचें भाडें आपण मुकाट्यानें देतों. तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील शेतकऱ्यांना मात्र हा पोटाचा प्रश्न झाला. गांवाला एकच रेल्वे. ती मागेल तें द्यावें, नाहीं तर धान्य घरांतच पडूं द्यावें. त्यांतही लांबच्या शहरापर्यंत भाडें कमी आणि वाटेंतील खेड्यापर्यंत अधिक, असा उफराटा न्याय चाले. कारण शहरांत दुसरी कंपनी स्पर्धेस उभी असे, खेड्यांत नसे.

घटक राज्यांनीं यावर कायदे केले. परंतु एका राज्यांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या मालाचे दर राज्यांनीं ठरवूं नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १८८६ सालीं दिला. तेव्हां १८८७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें पांच सभासदांचें आंतरराज्य व्यापार कमिशन स्थापिलें. दर वाजवी असावेत, असें कायदा म्हणत होता. ते ठरवावे कोणीं, याविषयीं तो मोघम होता.

१८९७ सालीं या मोघमपणाचा निकाल लागला. घेतलेला दर अवाजवी होता एवढेंच कमिशननें सांगावें. पुढें किती घ्यावा हें ठरविणें कायदा करण्यासारखेंच असून तो अधिकार स्पष्ट शब्दांवांचून मिळत नाहीं, असें न्यायालय म्हणालें. त्याच वर्षीं दुसऱ्या निकालानें जवळच्या व लांबच्या भाड्यासंबंधींचें कलमही निकामी झालें. कमिशनच्या हातीं अहवाल लिहिणें व निषेध नोंदविणें एवढेंच उरलें, असें न्यायमूर्ति हार्लन यांनीं आपल्या विरोधी मतांत म्हटलें.

जिंकलेल्या कंपन्या तरी सुखी झाल्या काय ? बडे व्यापारी धाक घालून त्यांच्याकडून गुप्त सूट उकळीत. अशा सुटीस आळा घालणारा १९०३ चा एल्किन्स कायदा स्वतः कंपन्यांनाच हवा होता ! अखेर १९०६ च्या हेपबर्न कायद्यानें, तक्रार आल्यास कमाल दर ठरविण्याचा अधिकार कमिशनला स्पष्ट शब्दांत दिला.

१९९५ अखेर तें कमिशन बंद झालें. वाद मात्र संपला नाहीं. कायदा संदिग्ध असेल तेथें सरकारी खात्यानें लावलेला सयुक्तिक अर्थ मानावा, असा दंडक त्याच न्यायालयानें १९८४ सालीं घातला होता. सरकारी निरीक्षकांचा पगार मच्छीमार नौकांनीं द्यावा काय, या खटल्यांत जून २०२४ मध्यें त्यानें तो दंडक मोडून काढला.

अधिकाऱ्यानें दिलेल्या अधिकारापलीकडे जाऊं नये, हें न्यायालयाचें म्हणणें रास्तच आहे. परंतु माझा जन्म मुलांचीं मोघम उत्तरें तपासण्यांत गेला; तेथें मोघम लिहिणाराचेच गुण कापले जात. येथें मोघम लिहिलें कायदेमंडळानें, आणि १८९७ पासून १९०६ पर्यंतच्या नऊ वर्षांचें जादा भाडें भरलें शेतकऱ्यानें.