'मर्फी' आडनाव आलं कुठून? अर्थ आहे 'समुद्रयोद्धा'!

मर्फी म्हटलं की आपल्याकडे जुना रेडिओ आठवतो. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये ती कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एक होते फ्रँक मर्फी. पण हे आडनाव मूळचं आयर्लंडचं. आजही तिथलं सर्वाधिक आढळणारं आडनाव हेच आहे.

अर्थ काय?
मूळ आयरिश रूप 'ओ मुरुखू'. 'ओ' म्हणजे वंशज. 'मुरुखू' हे जुनं पुरुषाचं नाव 'समुद्र' आणि 'लढाई' या शब्दांपासून बनलं आहे. या नावाचे पूर्वज वेक्सफर्ड, कॉर्क अशा वेगवेगळ्या भागांत होऊन गेले. त्यामुळे दोन मर्फी एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही.

बदललं कसं?
इंग्रजी राजवटीत नावं इंग्रजी वळणाने लिहिली गेली आणि 'ओ' गळाला. ओब्रायन, ओकॉनर यांनी तो पुढे परत लावला, मर्फींनी सहसा नाही. आयरिशमध्ये मुलगा 'ओ मुरुखू', तर मुलगी 'नी वुरुखू'. इंग्रजीत मात्र दोघंही मर्फीच!

जगभर कसं पसरलं?
१८४५ ते १८५२ च्या भीषण दुष्काळात लाखो लोकांनी आयर्लंड सोडलं. त्यांच्यासोबत हे आडनावही अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पोहोचलं. 'ओपनहायमर'साठी ऑस्कर जिंकणारा किलियन मर्फी मात्र थेट कॉर्कचाच.