पांचांमुखीं घडलेली भाषा

भाषा आधीं आणि व्याकरण मागाहून, हा जगाचा नेहमींचा क्रम. लोक बोलतात, चुकतात, बोलतां बोलतां शब्दांचे कंगोरे झिजवतात, आणि पुष्कळ काळानें एखादा पाणिनि त्या सर्व व्यवहाराला सूत्रांत गोंवतो. संगणकाच्या भाषेची तऱ्हा मात्र उलटी आहे. तेथें नियमांचा ग्रंथ आधीं सिद्ध असावा लागतो; कारण ऐकणारें असतें यंत्र, आणि 'तुम्हीच समजून घ्या' असें यंत्रास म्हणण्याची सोय नाहीं. मग हा नियमग्रंथ लिहावा कोणीं? एका विद्वानानें एकांतांत बसून, कीं ज्यांचे हात रोज त्या कामांत बुडालेले आहेत अशा अनेकांनीं मिळून? १९५९ सालीं या प्रश्नाचें एक उत्तर डेन्मार्कच्या राजधानींतून, कोपेनहेगनहून निघालें. तें देणारा पीटर नाउर हा मूळचा खगोलशास्त्राचा अभ्यासक, आणि वयानें अवघा तिशींतला.

त्या काळीं प्रत्येक संगणकाची बोली निराळी होती. एका यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला कळत नसे. यंत्र बदललें कीं सारें लेखन पुन्हा पहिल्यापासून. १९५७ सालीं आय.बी.एम. कंपनीनें जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेली फोर्ट्रान भाषा बाहेर आणली. तिनें मोठी सोय केली खरी, परंतु ती एका कंपनीची होती. कोणाच्याच मालकीची नसलेली, गणिताच्या लेखनाशीं जवळीक ठेवणारी आणि सर्व यंत्रांवर चालणारी भाषा असावी, या हेतूनें १९५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस झुरिच येथें आठ जण जमले. चार युरोपांतले, चार अमेरिकेंतले. आठवड्याभरांत त्यांनीं भाषेचा आराखडा उभा केला. पुढें तिला अल्गोल हें नांव रूढ झालें.

त्या बैठकींतली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. दशांश अपूर्णांक लिहितांना अमेरिकन मनुष्य मध्यें टिंब देतो, तर युरोप खंडांतील पुष्कळ देशांत तेथें स्वल्पविराम देतात. एवढ्याशा टिंबावरून सभा अडून बसली. आपण दशांशासाठीं टिंब कदापि वापरणार नाहीं, असें एका सभासदानें टेबलावर मूठ आपटून सांगितलें म्हणतात. त्या रात्रीं जोसेफ वेगस्टाइन दोन्ही पक्षांच्या बिऱ्हाडीं फिरले आणि त्यांनीं तोड काढली. भाषेचीं तीन रूपें मानावीं: एक नियमग्रंथापुरतें संदर्भरूप, दुसरें छापण्याचें, ज्यांत ज्यानें त्यानें आपल्या देशाची रीत पाळावी, आणि तिसरें प्रत्यक्ष यंत्राच्या कळफलकावर जें साधेल तें. भांडण तेथेंच मिटलें. विद्वानांच्या सभेंत तत्त्वापेक्षां टिंबासाठीं अधिक रक्त तापतें, याचा अनुभव इकडील शुद्धलेखनाच्या वादांतही पुष्कळांनीं घेतला असेल.

आराखडा छापून आला तेव्हां खरी परीक्षा सुरू झाली. जे लोक ही भाषा आपापल्या यंत्रावर उतरवूं पाहत होते, त्यांना एकमेकांशीं बोलण्याची गरज भासूं लागली. १९५९ च्या फेब्रुवारींत असे सुमारें चाळीस लोक कोपेनहेगन येथें जमले, आणि तेथील रेगनेसेंट्रालेन या संगणकसंस्थेनें 'अल्गोल बुलेटिन' नांवाचें पत्रक काढावें असें ठरलें. संपादक नाउर. पत्रकाचें काम एकच: ज्यांना अनुभव आहे त्यांनीं कोठें अडतें, कोणता नियम दुबोल आहे, काय बदलावें, तें लिहून पाठवावें; आणि आलेलें लेखन सर्वांनीं वाचावें. अमेरिकेंतही एसीएम या संगणकसंस्थेच्या मासिकानें अशीच हांक दिली. अल्गोलमध्यें ज्या कोणाला फेरफार सुचवावासा वाटत असेल त्यानें तो पाठवावा, तो छापला जाईल. 'ज्या कोणाला' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पदवी विचारली नाहीं, पद विचारलें नाहीं. छापलेल्या सूचनाच पुढील विचारविनिमयाचा आधार झाल्या.

पांचांमुखीं परमेश्वर म्हणतात; पण पन्नास मुखें एकदम बोलूं लागलीं म्हणजे परमेश्वराचा आवाज ऐकूं येणें कठीण. १९५९ च्या नोव्हेंबरांत पॅरिस येथें युरोपांतील सुमारें पन्नास लोक जमले आणि त्यांनीं आपले सात प्रतिनिधि निवडले. त्याच महिन्यांत वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या समितीनें आलेल्या सर्व सूचना वाचून आपले सात निवडले. ११ ते १६ जानेवारी १९६० या दिवसांत पॅरिस येथें या चौदांनीं अखेरचा मसुदा कायम करावयाचा होता. प्रत्यक्षांत तेरा जण बसले. अमेरिकन प्रतिनिधि विल्यम टुरान्स्की यांना सभेच्या थोडेंच आधीं मोटारीनें धडक दिली, आणि त्यांत त्यांचा अंत झाला. तेरा जणांनीं सिद्ध केलेला वृत्तांत त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

नाउर रिकाम्या हातांनीं पॅरिसला गेले नव्हते. पूर्वतयारीच्या सभांच्या शिफारशी समोर ठेवून त्यांनीं संपूर्ण मसुदा नव्यानें लिहून नेला होता, आणि सभेनें तोच पायाभूत धरला. वाक्यरचनेचे नियम मांडण्यासाठीं त्यांनीं बॅकस यांनीं आदल्या वर्षीं योजलेली चिन्हपद्धति घेतली होती. हिच्यांत मोठा घटक लहान घटकांच्या रूपानें, आणि वेळप्रसंगीं स्वतःच्याच रूपानें, सांगतां येतो. पुढें १९६७ सालीं पीटर इंगरमन यांनीं एसीएमच्या मासिकाला पत्र लिहून, या पद्धतीला पाणिनीचेंही नांव द्यावें असें सुचविलें. कारण अष्टाध्यायीच्या कर्त्यानें अशी युक्ति पुष्कळ शतकें आधींच वापरली होती. नांव रूढ झालें तें मात्र बॅकस-नाउर असेंच.

सभेचा शिरस्ता असा कीं ज्यावर एकमत होईल तें ठेवावें, न होईल तें सोडावें. यामुळें ग्रंथ आटोपशीर झाला. १९६० च्या मे महिन्यांत तो छापला गेला तेव्हां त्यानें मासिकाचीं अवघीं सोळा पानें घेतलीं. परंतु या शिरस्त्यापायीं एक चमत्कारिक उणीवही राहिली. यंत्रांत माहिती घालावी कशी आणि उत्तर बाहेर काढावें कसें, याविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. ज्या भाषेंत हिशेब करतां येतो पण उत्तर छापतां येत नाहीं, ती भाषा व्यवहारी मनुष्यानें कशी स्वीकारावी? एकमताची ही किंमत थोडी नव्हती.

याहून नाजूक प्रसंग पॅरिसची सभा उठल्यावर घडला. अल्गोलमध्यें आज्ञांच्या एखाद्या जुडीला नांव देतां येतें. तिला प्रोसीजर म्हणतात. प्रश्न असा होता कीं प्रोसीजरनें स्वतःलाच बोलवावें कीं नाहीं. १ पासून ५ पर्यंतच्या अंकांचा गुणाकार हवा असेल तर १ पासून ४ पर्यंतचा काढून त्यास पांचानें गुणावें. चारांपर्यंतचा हवा असेल तर तिनांपर्यंतचा काढावा. अशी ती उतरंड. पॅरिसला या सोयीसाठीं एक निराळा शब्द घालण्याची सूचना आली होती, ती मतास टाकून नामंजूर झाली. नंतर फेब्रुवारीच्या १० तारखेच्या सुमारास नाउर यांना ॲम्स्टरडॅमहून टेलिफोन आला. बोलणारे आद्रियान फान वाइनगार्डन हे तेरांपैकीं एक. ते एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्याही वतीनें बोलत होते. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, प्रोसीजरच्या अंगांत तिचें नांव पुन्हा आलें तर ती पुन्हा सुरू करावी असा अर्थ घ्यावा, हें एक वाक्य ग्रंथांत घालावें. नाउर यांना त्या सूचनेंतील धिटाई आणि साधेपणा यांची भुरळ पडली. पुढें कटकट होईल हें ओळखूनही त्यांनीं कोणास न विचारतां तें वाक्य घातलें.

फ्रिड्रिख बाउअर यांनीं पुढें या प्रकाराला ॲम्स्टरडॅमचा कट असें नांव दिलें, आणि त्यांचा राग अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. दोन वर्षें सर्वांस विचारून केलेल्या कामांत शेवटचें वाक्य तिघांच्या मर्जीनें घुसावें, हें रीतीला धरून नव्हतें. संपादकावर टाकलेला विश्वास सल्लामसलतीसाठीं होता, निवाड्यासाठीं नव्हता.

पण त्या वाक्यानें काय दिलें तेंही पाहिलें पाहिजे. १९६१ च्या ईस्टरच्या सुमारास इंग्लंडांत ब्रायटन येथें अल्गोलचा वर्ग भरला. शिकविणारांत नाउर आणि डाइक्स्ट्रा दोघेही होते. विद्यार्थ्यांत एलियट ब्रदर्स या कंपनींतले टोनी होअर होते. रशियन शब्द अनुक्रमानें लावण्याची एक युक्ति त्यांना मॉस्कोंत असतांना सुचली होती, परंतु ती दुसऱ्यास नीट समजावतां येत नव्हती. स्वतःला बोलावणारी प्रोसीजर ब्रायटनला पाहिली आणि ती युक्ति मोजक्या ओळींत बसली. एसीएमच्या मासिकांत १९६० च्या फेब्रुवारीपासून, म्हणजे टेलिफोनाच्या त्याच महिन्यापासून, वेगस्टाइन यांच्या संपादनाखालीं एक सदर सुरू झालें होतें. जाणत्या लोकांनीं अल्गोलमध्यें गणनरीती लिहून पाठवाव्या, प्रत्येकीस क्रमांक मिळावा, आणि दुसऱ्या कोणीं ती यंत्रावर चालवून खरी ठरली किंवा चुकली तें कळवावें, अशी त्याची व्यवस्था. होअर यांची क्विकसॉर्ट ही रीत १९६१ च्या जुलैंत ६४ व्या क्रमांकानें तेथें प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षीं तिला दुसऱ्याच्या पडताळणीचा दाखलाही मिळाला.

ग्रंथांतील संदिग्ध जागा मात्र सरल्या नव्हत्या. नाउर यांनीं बुलेटिनाच्या १४ व्या अंकांत प्रश्नपत्रिका काढून वाचकांचीं मतें मागविलीं. तीं समोर ठेवून १९६२ च्या एप्रिलांत रोम येथें दुरुस्त्या झाल्या, आणि सुधारलेला वृत्तांत १९६३ सालीं छापला गेला. तरीही कांहीं प्रश्न उघडेच राहिले, आणि ते तसे राहिल्याचें ग्रंथांत प्रामाणिकपणें नमूद केलें गेलें.

१९६४ सालीं डोनाल्ड कनूथ या सव्वीस वर्षांच्या गणित्यानें बुलेटिनांत एक छोटासा प्रोग्रॅम पाठविला. स्वतःला बोलावणारी प्रोसीजर ज्या यंत्रव्यवस्थेला खरोखर पेलते ती प्रौढ, आणि जिला पेलत नाहीं ती पोरसवदा, हें त्यावरून ओळखावयाचें होतें. त्याचें उत्तर उणे १२१ यावें, असा कनूथ यांचा स्वतःचा अंदाज होता. प्रोग्रॅम नीट चालविला तेव्हां उत्तर निघालें उणे ६७.