हिरवळीखालची हरळी

दिल्लीत आल्यावर पहिल्याच कार्तिकात मी अंगणात विलायती गवताचं बी पेरलं. ढेकळं फोडून माती चाळली, बी वाळूत मिसळून आधी उभं, मग आडवं फेकलं, वर शेणखताचा पातळ थर दिला आणि झारीने हलकं पाणी घातलं. माघापर्यंत गालिचा झाला. वैशाखात त्याचा पेंढा झाला. ‘बाबूजी, यह तो जाड़े का मेहमान था,’ माळीबाबा म्हणाले. पावसाळा लागताच ते पोतंभर मुळ्या घेऊन आले. त्यांच्या लेखी ती दूब. मी मात्र पाहताक्षणी ओळखली, ती आमची हरळी होती.

आमच्याकडे हरळी ही शेतकऱ्याची वैरीण. काळ्या रानातून ती कुदळीने खणायची, वेचायची, वाळवून जाळायची. मातीत एक पेर राहिलं तरी ती पुन्हा फुटते. म्हणून तर चिवट माणसाला हरळीची मुळी म्हणतात. आणि तिचेच कोवळे शेंडे दूर्वा म्हणून गणपतीला 21च्या जुडीने वाहतात.

माझी जी फजिती झाली, ती इंग्रजांची आधीच होऊन गेली होती. त्यांच्या देशात उन्हाळा सौम्य आणि पाऊस बारमाही, त्यामुळे तिकडचं गवत उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात तग धरत नाही. मग बंगल्यांपुढच्या ‘इंग्लिश’ हिरवळी दुबेच्याच झाल्या. तिच्या मुळ्या ओल्या जमिनीत वीतभराच्याही आत टोचायच्या, किंवा ती बारीक चिरून शेणमातीत कालवायची आणि अंगण सारवावं तशी जमिनीवर लिंपायची. हिरवळ लावायची ही रीत आजही चालते.

राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा 1911 साली झाली. व्हाइसरॉयच्या प्रासादामागची बाग ल्यूटन्सने आखली आणि 1928-29मध्ये विल्यम मस्टोच्या देखरेखीखाली तिथे लागवड झाली. तिथली दूब आणली कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरमधून, जिथे आज राष्ट्रीय ग्रंथालय आहे. दरसाल पावसाळ्याआधी ही हिरवळ खरवडून काढतात, नवी माती पसरतात आणि साधारण तीन आठवड्यांत खालच्या मुळ्यांतून गवत पुन्हा वर येतं. 2023 साली बागेचं नाव बदलून अमृत उद्यान झालं. गवत तेच राहिलं.

साम्राज्याच्या ऐटीचं हे हिरवं चिन्ह आपल्या बांधावरच्या तणातून उगवलं होतं. इतिहासात नावं राहिली ती आखणाऱ्याची आणि देखरेख करणाऱ्याची. उकिडवं बसून मुळ्या टोचणारे हात त्यात नाहीत.

त्या आषाढात मीही माळीबाबांशेजारी उकिडवा बसलो. वडील असते तर म्हणाले असते, ‘जन्मभर मी जी उपटली, ती तू पैसे मोजून लावतोस होय रे?’