दाभोळची फेरीबोट वसईच्या धक्क्यावर

वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडीचे पाणी जेमतेम साडेतीन किलोमीटरचे. परंतु मोटारीने जायचे तर महामार्गाने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा. २० फेब्रुवारी २०२४ पासून हे दोन काठ फेरीबोटीने जोडले गेले. ही बोट चालविणारी सुवर्णदुर्ग शिपिंग कंपनी मूळची दाभोळची. तिची वाटचाल आम्हां वसईकरांनी जाणून घ्यावी अशी आहे.

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ हे बहामनी काळातील भरभराटीचे बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज अधिपती फ्रान्सिश्कु द आल्मैदा याने ते जाळले. ज्यांच्या श्रद्धेचा इतिहास पोर्तुगीज काळाशी निगडित आहे, त्या आम्ही ही आठवण टाळू नये. पुढे मुंबईच्या आगबोटी येथे लागत. कालांतराने त्याही बंद झाल्या आणि किनारा पुन्हा एकाकी पडला. समोरच्या धोपाव्याला माणूस मचव्यातून जाई. वाहनाला मात्र चिपळूणवरून वळसा चुकत नसे.

ही अडचण ओळखून डॉ. चंद्रकांत मोकल व त्यांच्या कुटुंबाने ऑक्टोबर २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरी सुरू केली. हर्णैच्या समुद्रातील किल्ल्याचे नाव कंपनीने घेतले. सपाट तळाची, पुढचा दरवाजा धक्क्यावर टेकविणारी ही बोट माणसांबरोबर वाहनेही नेते. कोकणी माणसाने तिला 'जंगलजेटी' हे आपले नाव दिले. पुढे वेसवी-बागमांडला आणि तवसाळ-जयगड या खाड्यांवरही कंपनीच्या फेऱ्या सुरू झाल्या. वसईनंतर एप्रिल २०२५ मध्ये वैतरणेच्या खाडीवर विरारजवळील मारंबळपाडा ते जलसार ही सेवाही आली.

या वाढीचे रहस्य काय? जिथे पूल नाही, पण रोजची गरज आहे, तिथेच कंपनी गेली. परक्या भांडवलाची वाट न पाहता किनाऱ्यावरच्या माणसांनी किनाऱ्याची अडचण सोडविली. तरीही एक प्रश्न आम्ही मनातून काढू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वल्हे मारून प्रवासी उतरविणाऱ्या मचवेवाल्याला या नव्या वाटेवर काम मिळाले काय? विकासाचे मोजमाप वाचलेल्या वेळेइतकेच या उत्तरानेही व्हावे.

आणखी एक स्मरण. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. समुद्र घाई मानीत नाही. बोट भरली असे खलाशाने सांगितले, की पुढच्या फेरीसाठी थांबणे हा प्रवाशाचाही धर्म आहे. कंपनीने नियम पाळावेत ही अपेक्षा रास्तच; पण पावसाळ्यात फेरी रद्द झाली म्हणून त्रागा करणारे आम्हीच असतो, हेही विसरता कामा नये. दोन काठ जोडणारी वाट सुखरूप राहावी, ही जबाबदारी दोन्ही काठांवरच्या माणसांची आहे.