व्हायरस खोटा, भीती खरी

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातलं जुन्या मंदिरांचं गाव. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांप्रमाणे इथेही इंटरनेट घरोघर आलं ते मोबाईलमधून. त्यामुळे ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा’ ही शहरातल्या, इंग्रजी जाणणाऱ्यांची डोकेदुखी, असा समज सहज होतो. या धंद्याचा चाळीस वर्षांचा प्रवास पाहिला तर हा समज टिकत नाही. यंत्रं बदलली, भाषा बदलली. माणसाला घाबरवायचं आणि विचाराला उसंत द्यायची नाही, ही रीत तशीच राहिली.

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, ‘ब्रेन’, 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यातच त्यांची नावं, पत्ता, फोन नंबर आणि ‘लसीसाठी संपर्क साधा’ असा मजकूर होता. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी रोखायची होती, असं ते सांगत आले. त्यांना भामटे म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण आजार आणि उपायाचा नंबर तिथे प्रथम एकत्र आले. पुढे भामट्यांना उमगलं की व्हायरस लिहायचीही गरज नाही, तो आहे असं सांगितलं तरी पुरतं. खोटी तपासणी दाखवून निरुपयोगी अँटीव्हायरस विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2008 मध्ये खटला भरला, तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांवर सांगितला गेला. 2012 मध्ये कमिशनने ‘मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय’ म्हणणाऱ्या सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यातल्या बहुतेक भारतातून चालत. फोन करणारा विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावी. त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात. त्याच तो पुरावा म्हणून दाखवी, दुरून ताबा घेई आणि पैसे मागे.

महाराष्ट्रात या रीतीचं सख्खं भावंड सापडलं मीरा रोडला. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेच्या वर लोकांना ताब्यात घेतलं, सुमारे सत्तर जणांना अटक केली. तिथून अमेरिकन नागरिकांना कर खात्याचे अधिकारी बनून धमकावलं जाई. व्हायरसच्या जागी थकलेला कर, एवढाच फरक. त्याआधी महिनाभर, 5 सप्टेंबरला, जिओ सुरू झालं होतं आणि स्वस्त इंटरनेट खेड्यांकडे निघालं होतं. परदेशात सावज शोधणाऱ्या धंद्याला ते घरातही मिळू लागलं. आज तीच भीती ‘केवायसी संपलं’, ‘डिजिटल अरेस्ट’ अशा नावांनी आपल्या भाषेत फिरते.

कुणी म्हणेल, हे पोलिसांचं काम. खरंच आहे, आणि त्यांनी ते केलंही: 2018 मध्ये दिल्ली परिसरात छापे पडले, 2022 मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’ राबवलं. पण छाप्याने एक खोली बंद होते, धंदा दुसऱ्या खोलीत सुरू होतो. चांगला अँटीव्हायरस खऱ्या व्हायरससाठी हवाच. मात्र घाबरून स्वतःच दुरून ताबा देणारं एनीडेस्क ॲप उतरवणाऱ्या, ओटीपी सांगणाऱ्या माणसाला तो अडवू शकत नाही. फसतात ते अडाणी, हेही खोटं. अमेरिकेत शिकलेसवरलेले फसले. म्हणून खूण एकच धरावी: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ब्राउझर बंद करा. होत नसेल तर मोबाईल किंवा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. पैसे गेलेच असतील तर लाजेपोटी रात्र दवडू नका. ते पुढच्या खात्यात सरकण्याआधीच रोखता येतात, तेव्हा त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.