तापाचा रकाना

गाविलगडाशेजारचे चिखलदरा १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनच्या दृष्टीस पडले, आणि तेव्हापासून वऱ्हाडच्या उन्हाने पोळलेल्या साहेबलोकांचे ते विश्रामस्थान झाले. परंतु त्या बंगल्यांभोवतीच्या मेळघाटातील कोरकू पाड्यांवर कोण जगले आणि कोण मेले, याची दाद घेण्याचे काम साहेबाकडे नव्हे, तर गावच्या पाटलाकडे होते.

पाटलाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत मरणाच्या कारणांचे रकाने मोजकेच असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, आणि यांत न बसणारे ते ‘इतर’. पाटील काही वैद्य नव्हे. ‘अंग तापलं होतं’ एवढे घरच्यांनी सांगितले की ताप मांडून तो मोकळा होई. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेली इन्फ्लुएन्झाची साथ सप्टेंबरात दुप्पट उग्र होऊन परतली आणि, पावसाने दगा दिल्यामुळे धान्य आधीच महागलेले असताना, मध्यप्रांत-वऱ्हाडावर अशी कोसळली की हा मुलूख हिंदुस्थानातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत गणला गेला. लोकांनी तिला ‘मानमोडी’ हे चपखल नाव दिले, पण लोकांपाशी नाव असलेल्या या रोगाला सरकारी वहीत रकाना नव्हता. मानमोडीचे मृत तापातच जमा झाले, आणि मागाहून अंमलदारांनी त्या वर्षीच्या तापमृत्यूंतून मागील वर्षांची सरासरी वजा करून साथीचा हिशेब काढला. त्यातही नोंद करणारेच अंथरुणाला खिळल्यामुळे कित्येक मृत्यू रुजू झालेच नाहीत. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास देशभरातील बळी सव्वा कोटीच्या घरात धरले गेले. पुढील काही अभ्यासकांनी तो आकडा पावणेदोन कोटींपर्यंत नेला. पहिल्याने भूमकाकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूकडे, धाव घेणाऱ्या जंगलातल्या पाड्याचे मरण यांपैकी कोणत्या आकड्यात आले असेल, हे ज्याचे त्याने ताडावे.

एकशे दोन वर्षांनी, २०२० च्या एप्रिलमध्ये, मेरीलँड आणि कार्नेगी मेलन या अमेरिकी विद्यापीठांनी फेसबुकच्या मार्फत लोकांना रोजच्या रोज कोविडची लक्षणे विचारणारी पाहणी सुरू केली. दोनशेहून अधिक देश-प्रदेशांतील उत्तरे तत्काळ हाती येऊ लागली. मुखपट्टी, मिळकत, मनातली भीती, असे पाटलाने कधी न पुसलेले प्रश्नही तीत होते. तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु वय आणि लिंग यांचे भारांक लावून कितीही दुरुस्ती केली, तरी ज्याच्या हाती फोनच नाही त्याचे उत्तर भारांकातून उमटत नाही, आणि मेळघाटात तर फोन असूनही रेंजसाठी टेकडी गाठावी लागते. महाराष्ट्र सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाली. तिची नोंद ॲपमध्ये व्हायची, पण घराच्या उंबऱ्याशी तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन पायी जाणारी आशाताईच होती. तिच्याही यादीत आरंभी तापच होता. चिखलदऱ्यापुरते बोलायचे, तर त्या पायपिटीवर माझा भरवसा अधिक आहे.

वऱ्हाडात ज्यांच्या घरी पिढीजात पाटीलकी होती, त्यांच्या माळ्यावर जुने दप्तर पडलेले असण्याचा संभव आहे. वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी त्यांनी ते एकदा उघडावे, आणि १९१८ च्या दिवाळीच्या आगेमागे तापाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते उतरून ठेवावे.