शिवराई : ठसाभेद

छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे. पुढे तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्रपति’, कडेला टिंबांचे वर्तुळ, सन नाही. ठसे हाताने कोरलेले असल्याने ‘शिव-सिव’, ‘पति-पती’ असे लेखनभेद, वेलांटीचे वळण, टिंबे व चिन्हे यांवरून प्रकार ठरवतात. कडेचे अक्षर तुटलेले दिसणे हा मात्र वेगळा प्रकार नव्हे. चकती ठशापेक्षा लहान पडल्याने तसे होते. दोन नाण्यांवर एकच तडा त्याच जागी उमटला असेल, तर दोन्ही एकाच ठशाची. महाराजांनंतरही शिवराई पाडली जात होती. मागील दुहेरी रेघेवरून उत्तरकालीन ‘दुदांडी’ ओळखतात. जस्टिन ॲबट यांनी हजारो शिवराया तपासून असे भेद नोंदवले. नाणे कधीही घासू नये. ठशाच्या बारीक खुणा कायमच्या पुसल्या जातात.